महालाची कॅसेट

“पहिले सांग गा, यात रडणं कुठं हाय?”

हा आवाज तुलाराम मास्तरांचा. मास्तर जाऊन बरीच वर्षं लोटली, पण भय्याजींच्या कानात तो अजून ताजा होता. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेसाठी नाटक निवडायला कोंढा गावचं नाट्यमंडळ बसलं, की मास्तर नाटकाचं नाव विचारत नसत, लिहिणाऱ्याचं तर नाहीच. हा एक सवाल. रडणं सापडलं की गाणी मोजायची, मग राजाला किती पानं आहेत ते पाहायचं. एवढ्यात जे उतरलं ते नाटक गावाचं.

सत्त्याऐंशी साली कोंढ्यानं हीच रीत व्हिडिओ गेमला लावली.

त्याचं असं झालं. भय्याजींचा साळा इश्वर मस्कतला वेल्डर होता. आदल्या वर्षी त्यानं आपल्या बहिणीसाठी, पुष्पाबाईंसाठी, टीव्हीला जोडायचा एक काळा डबा आणला. सोबत एक दांडी आणि एक कॅसेट. कॅसेटीत वरून फळं पडत, ती खाली टोपलीत झेलायची. पावसाळ्यात त्या कॅसेटीत मुंग्यांनी संसार मांडला आणि फळं पडायची थांबली. मंडळानं ठराव केला: मंडईत दिवसा लोकांना काहीतरी पाहिजे, म्हणून नवी कॅसेट घ्यायची. सुटीवर आलेल्या इश्वरानं नागपूरच्या दुकानातून तीन कॅसेटी आणल्या. एक ठेवायची, दोन संध्याकाळच्या बसनं परत.

तर त्या दुपारी भय्याजींच्या घरापुढच्या छपरीत बैठक भरली. मधोमध देवाजी, मंडळाचे अध्यक्ष, वीस वर्षं नाटकातले कायमचे राजे. नात्यानं भय्याजींचे थोरले चुलतभाऊ, म्हणजे पुष्पाबाईंचे भासरे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पुष्पाबाईंनी भासऱ्यांसमोर पदर ढळू दिला नव्हता आणि शब्दही काढला नव्हता. देवाजींच्या शेजारी लक्ष्मणराव पेटीमास्तर, मांडीवर पेटी घेऊन.

आणि टीव्हीजवळ पाटावर भय्याजी, कपाळाला गुलाल लावलेले, गावाचे खेळाडू.

खरं तर ते खेळाडू नव्हतेच. उन्हाळ्यात एका दुपारी ते बांधावरून आले, तर पडद्यावर नऊ हजार चारशे साठ हा आकडा लुकलुकत होता. पुष्पाबाई आत पाणी आणायला गेल्या होत्या. भय्याजींनी वायर गुंडाळायला दांडी उचलली आणि नेमके तेव्हाच देवाजी दारात आले. “अरे बाप्पा! भय्याजी, तू तर कलावंत निघाला!” भय्याजींना ‘नाही’ म्हणायला एक श्वास पुरला असता. तो श्वास त्यांनी घेतला नाही. संध्याकाळपर्यंत आकडा तळ्याच्या पाळीवर पोचला, आठवड्यात पवनीला. धानाच्या रोवणीत ज्यांची बोटं वाऱ्यासारखी चालतात, त्या पुष्पाबाई त्या दिवशी भाजी मात्र फार सावकाश वाढत होत्या.

“हं, पहिली लाव,” देवाजी म्हणाले.

इश्वरानं पहिली लावली आणि दाखवायला दांडी आपल्याच हातात धरली. विमानं आली, धडाधडा पडली.

“विमानात कोण बसला हाय?”

“दिसत नाही, काकाजी,” इश्वर म्हणाला.

“मरून कोण राहिला?”

“समोरचे.”

“मंग त्याईच्या बायका येते का रडत?”

“बायका नाही जी यात.”

“बायका नाही, रडणं नाही. नुसते मुडदे पाडता कायले?” देवाजींनी हात झटकला. “दुसरी.”

दुसरीत मोटारी होत्या. एक लाल, एक निळी. लक्ष्मणरावांनी डोळे मिटून आवाज ऐकला, पेटीवर बोट ठेवलं. “काळी दोन. एकच सूर हाय, पण सच्चा हाय.”

“लाल मोटार कोणाची?” देवाजींनी विचारलं.

“ज्याच्या हातात दांडी, त्याची.”

“म्हणजे माही.” देवाजींनी मिशीवरून हात फिरवला. “नायकाची मोटार हाय ते. निळी लक्ष्मणरावले देऊ, खलनायक म्हणून. शेवटी लक्ष्मणराव झाडाले ठोकते, त्याची म्हातारी माय येते, रडते. जमलं!”

“माय कुठं हाय पण यात?” इश्वर म्हणाला.

“माय आपण बाहेरून आणू,” लक्ष्मणराव म्हणाले. “पडद्याबाजूले उभी ठेवू.”

आतल्या दारातून बायजाबाई, देवाजींची सख्खी आत्या, खोकल्या. “काय गा देवाजी, मोटारीतई तूच राजा होशीन का? टोप कुठं ठेवशीन?”

“आत्या, तू चूप राय. तिसरी लाव रे.”

तिसरी महालाची. काळ्या पडद्यावर पांढऱ्या भिंती, भिंतींत दारं, दारांपलीकडं खोल्या. देवाजी सावरून बसले. “महाल? मंग राजा कुठं हाय?”

“राजा नाही जी. हा ठिपका हाय न, तोच. चावी शोधत खोल्या खोल्या हिंडते.”

“ठिपका?” देवाजींचा आवाज चिरकला. “वीस वर्सं राजा केला मी! मंडईत अख्ख्या गावासमोर आता ठिपका होऊ?”

मोटारीवर हात वर झाले. “भय्याजी, शेवटचा शब्द कलावंताचा,” देवाजी म्हणाले. “सांग.”

भय्याजींना मोटार सोयीची होती. दांडी देवाजीच धरणार, आणि ठोकरली तरी लोक टाळ्या वाजवतील; आपल्याला खेळता येत नाही हे कोणाला कळणार नाही. ‘मोटार’ हा शब्द जिभेवर आलाही. तेवढ्यात इश्वरानं महालाची कॅसेट परत पाठवायला तिच्या खोक्यात घातली, खोकं पिशवीत. चहाचे कप घेऊन दारात आलेल्या पुष्पाबाईंची नजर त्या पिशवीत गेली आणि तिथंच राहिली.

भय्याजींनी ती नजर सकाळीही पाहिली होती. सडा घालून झाल्यावर पुष्पाबाईंनी तिन्ही कॅसेटी लावून पाहिल्या. तिसरीपाशी मात्र त्या हलेनात. चुलीवरचं दूध उतू गेलं, तरी तो ठिपका भिंतीभिंतीनं जात राहिला, जात्यावर बसल्या बाईसारखा, आपल्याच नादात. ‘हेच घेऊ का?’ असं भय्याजींनी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

“थांब, इश्वर.” भय्याजी उभे राहिले. “दादा, तो आकडा माया नव्हता. पुष्पाचा होता. मले तर फळं झेलताई येत नाही. मी खोटा वागलो तुमच्यासंग.”

देवाजींनी उठून त्यांच्या पाठीवर थाप मारली. “याले म्हणतेत कलावंत! पाहून राहिले का? एवढा मान, अन बायकोच्या ओटीत टाकून देल्ला!”

लक्ष्मणरावांनी उपरण्यानं डोळे टिपले. “रडणं सापडलं, देवाजी. मोटारीच्या शेवटले हेच घेऊ.”

“अरे, मी खरं सांगून राहिलो!”

“खरंच सांगते मोठा माणूस. लिहा, मोटार मंजूर.”

इश्वर पिशवी घेऊन पायरी उतरला. भय्याजी हात पसरून उभेच राहिले. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले होते, आणि त्यांच्या गळ्यात पुन्हा हारच पडला होता.

चहाचे कप जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला.

“दादाजी.”

कोणाचा आवाज हे देवाजींना आधी कळलंच नाही. मग ते वळले. पुष्पाबाईंचा पदर डोक्यावरच होता, पण मान वर होती.

“हे खरं सांगून राहिले. उन्हाळाभर दुपारी मीच खेळत होती. यायनं फक्त वायर गुंडाळली.” त्यांनी श्वास घेतला. “मले मोटार नोको. दिवसभर मले हाका येतेत, पाणी आण, च्या कर, ढोरं बांध. त्या महालात कोणी हाक मारत नाही. इश्वर, पिशवी इकडं आण. मले महालच पाहिजे.”