गार काच

एवढं शिकून भाच्याने करावं काय, तर कुत्र्यांचं वीर्य हाताने काढावं! कुणी विचारलं की त्याची आई विषयच बदलायची. मावशीला मात्र कसली आलीय लाज? दवाखाना बहिणीच्या पोराचाच. नमुना तो काढायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ती तपासायची. किती शुक्राणू जिवंत, किती सरळ पळतात, किती एकाच जागी गरागरा फिरतात. "हे अगदी आमचे भाऊजी," असं फिरणाऱ्यांना म्हणायची आणि आकडा लिहायची.

हल्ली तिचं लक्ष मात्र थाऱ्यावर नसायचं. मागच्या महिन्यात तिने दोन कुत्र्यांच्या नळ्यांची अदलाबदल केली, तेव्हा भाच्याने स्पष्टच सांगितलं, "आणखी एक चूक झाली तर मोजायचं मशीन आणतो. मग तू घरी बस." घरी होतं काय, चार भिंती आणि तोंड फुगवलेली सून. मावशीने त्याची धास्तीच घेतली होती.

आज सुतार आपल्या भोपळ्या नावाच्या कुत्र्याला घेऊन आला. त्याची प्रोस्टेट ग्रंथी सुजली होती. "पिल्लं होणार असतील तर एकदा होऊ द्या, तोवर गोळ्या चालू ठेवा," सुतार म्हणाला. "नसतील होणार, तर आजच खच्ची करून मोकळं करा."

मावशीने काचेवर थेंब ठेवला, डोळा लावला. सगळे ठार. एक शेपूट हलेल तर शपथ! तिने 'शून्य' लिहून दिलं, भाच्याने कुत्र्याला भूल दिली, आणि ती चहाकडे वळली.

कप काचा तापवायच्या पट्टीवर होता. चहा गरम राहावा म्हणून तिनेच ठेवलेला. आणि काचा? बाजूच्या गारठोण ओट्यावर. गार काचेवर ते गारठून मेल्यासारखे पडतात, हे भाच्याला तिनेच तर शिकवलं होतं! नळी अजून कोमट पाण्यात होती. तिने काच तापवली, नवा थेंब घेतला.

अगंबाई! नुसती झुंबड. शंभरातले ऐंशी तरी सुसाट पळत होते.

पलीकडच्या खोलीत केस भादरायचं यंत्र थांबलं. मावशी दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. मग एकदम आत घुसली.

"थांब रे! ठेव ती सुरी! काच गार होती. माझ्या चहापायी."

भाच्याने जाऊन स्वतः पाहिलं. परत आला, हातमोजे काढले, मटकन बसला.

"दोन मिनिटं उशीर झाला असता तर काय तोंड दाखवलं असतं मी त्या माणसाला?"

"उशीर झाला असता तर मी सांगितलंच नसतं," मावशी म्हणाली. "कप विसळून गप्प बसले असते. दारात उशीर व्हायचीच तर वाट बघत होते."

भाच्याने भुलीत पडलेल्या कुत्र्यावर पांघरूण टाकलं.

"मशीन मागव," ती म्हणाली, आणि सुताराला सांगायला स्वतःच बाहेर गेली.