चतुर्थीची भाकरी

हिंमतरावांनी दाराला कान लावला. आतून धप्प असा आवाज आला, मग थोडा वेळ शांतता, मग दम टाकल्याचा आवाज, आणि पुन्हा धप्प. भर दुपारची वेळ. सून नम्रता ऑफिसला गेलेली, मुलगा कंपनीच्या कामासाठी वर्षभर जर्मनीला, आणि खोलीत त्यांची बायको द्वारका एकटी. ती एकटी असेल याचीही हिंमतरावांना पक्की खात्री नव्हती म्हणा, पण तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून दुसरं कोण येणार? त्यांनी कडी वाजवली आणि काय चाललंय म्हणून विचारलं.

"काय न्हाई. कपड्यांच्या घड्या घालतीय," आतून उत्तर आलं.

घड्या घालताना माणसाला एवढी धाप लागत नाही, हे कुणालाही कळलं असतं. हिंमतराव तर महापालिकेच्या जकात नाक्यावर नोकरी करून रिटायर झालेले. पुण्यात शिरणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर "कांदा आहे साहेब" म्हणाला, की हे ताडपत्री उचलून पोत्यात सळई खुपसायचे. बहुतेक वेळा कांदाच निघायचा. पण कधीमधी कांद्याखाली कापडाचे तागे निघायचे, आणि त्या कधीमधीवरच त्यांची सगळी नोकरी उभी होती. ती सवय त्यांच्याबरोबर घरी आली. दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय ते पातेलं आत नेत नसत. हडपसरला जिथे त्यांच्या लहानपणी ऊस होता तिथे आता काचेच्या इमारती झाल्या होत्या, आणि त्यातल्याच एकीत नम्रता कामाला होती. त्या इमारतींवरही त्यांचा विश्वास नव्हता. आत माल जाताना दिसत नाही, बाहेर ट्रक निघत नाही, तरी सगळ्यांचे पगार वेळेवर होतात, याचा अर्थ त्यांना काही केल्या लागत नव्हता.

द्वारकेबद्दल मात्र त्यांना इतक्या वर्षांत कधी संशय आला नव्हता. तो आला संकष्टी चतुर्थीला.

द्वारका उपवासाची मोठी भोक्ती. चतुर्थी, एकादशी, सोमवार, शिवाय अधूनमधून नवस असेल ते वेगळंच. उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस आणि वर राजगिऱ्याचे लाडू. ही बाई उपवास करते म्हणून मार्केट यार्डात शेंगदाण्याला भाव आहे, असं हिंमतराव पाहुण्यांसमोर सांगायचे आणि द्वारकाही हसायची. ती अंगाने चांगली भरलेली होती आणि त्यावर नवऱ्याने बोलायचं हे ठरूनच गेलेलं होतं. तर त्या चतुर्थीला हिंमतराव जेवायला बसले आणि समोर बघतात तो द्वारकेच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी.

"आज चतुर्थी आहे," ते म्हणाले.

"हाय की. ठाऊक हाय मला," असं म्हणून तिने भाकरीचा तुकडा मोडला.

हिंमतरावांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांना आनंदी आठवली. आनंदी म्हणजे द्वारकेची थोरली बहीण. तिनेही असेच एकाएकी उपवास सोडले होते. कुणी विचारलं तर म्हणायची, आता झेपत नाही. एका लग्नात ती बारीक झालेली दिसली तेव्हा सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं, हिंमतरावांनीही केलं होतं. पुढच्या दिवाळीला ती नव्हती. नंतर कळलं, की दवाखान्यातल्या गोळ्या उपाशीपोटी चालत नव्हत्या म्हणून उपवास सुटले होते, आणि दुखणं काय आहे ते तिने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

आता ते द्वारकेकडे नीट बघायला लागले आणि जे दिसलं ते चांगलं नव्हतं. ब्लाउज दंडावर ढिला झाला होता. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. पूर्वी सगळ्यांची जेवणं झाली की पातेल्यात उरलेला भात, डाळ, टाकायचं कसं म्हणून तीच संपवायची. आता ते सगळं झाकून फ्रीजमध्ये जायचं. चहात साखर नाही. जमिनीवर पाट घेऊन बसणारी बाई सुनेने आणलेल्या टेबलाशी खुर्चीवर बसून जेवत होती. जन्मभर तिला जाडी म्हणून चिडवलेला हा माणूस मनातून पुरता घाबरला. पण घाबरायची त्यांना सवय नव्हती, तेव्हा त्यांनी संशय घेतला आणि तपासाला सुरुवात केली.

पहिला नंबर सुनेचा लागला. सासू-सुना स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत आणि ते आले की गप्प होत. सासू-सुनेचं एवढं गूळपीठ त्यांनी उभ्या आयुष्यात कुठे बघितलं नव्हतं. त्यांनी नम्रताला एकटीला गाठून विचारलं.

"नाना, आई डाएट करतायत. वजन कमी करतायत, बस. चांगलंच आहे ना?"

साठीला आलेली बाई कुणाला दाखवायला बारीक होते, असं त्यांनी विचारल्यावर नम्रता म्हणाली की कुणाला दाखवायलाच व्हायला हवं असं काही नाही, आणि लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून निघून गेली. उत्तर फारच तयार होतं. नाक्यावर ज्या ड्रायव्हरचं उत्तर तयार असे, त्याचा ट्रक हिंमतराव आधी बाजूला घ्यायला लावत.

मग त्यांनी परीक्षा घेतली. बसने मंडईत गेले आणि येताना गरम जिलबी घेऊन आले. जिलबी समोर आली की द्वारका कुणाचं ऐकणारी नव्हती. तिने पुडा उघडला, मन लावून वास घेतला, एक कडं तोडून खाल्लं आणि बाकीचा पुडा समोरच्या सत्यशीलाताईंकडे नेऊन दिला. हिंमतराव उघड्या दाराकडे बघत राहिले. आनंदीचीही गोडावरची वासना अशीच गेली होती.

सत्यशीलाताई महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हा हिंमतरावांनी आडून आडून विषय काढला, की एखादी बाई अशी वाळत चालली तर त्याचं काय काय कारण असू शकतं. ताईंनी त्यांना पूर्ण बोलू दिलं.

"वहिनी चार वेळा जिना चढतात-उतरतात, वेळेवर जेवतात, रात्री झोपतात. आपण यातलं काय करता?" एवढं विचारून त्या ड्यूटीवर गेल्या. हिंमतरावांच्या मते ताईंनाही सामील करून घेतलेलं होतं.

शेवटी एके सकाळी द्वारका खाली गेलेली असताना त्यांनी घराची झडती घेतली. लपवलेला माल कुठे असतो हे त्यांना चांगलं माहीत होतं. पिठाच्या डब्यात हात घातला, साड्यांच्या घड्या उचलल्या, देवघराच्या मागे बघितलं. गोळ्या नाहीत, औषधाची बाटली नाही. कपाटामागे मात्र कोल्ड्रिंकच्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या सापडल्या, तोंडापर्यंत वाळूने भरलेल्या. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, चिमूटभर वाळू तळव्यावर घेऊन उजेडात धरली. वाळू म्हणजे वाळूच होती. आता घरात वाळू जपून ठेवायचं कारण काय? दुखणं डॉक्टरांच्या हाताबाहेर गेलं असेल आणि ही कुणा बुवाच्या नादी लागली असेल, हे एकच कारण त्यांना सुचलं. त्यांनी बाटल्या होत्या तशा ठेवल्या आणि पिठाने भरलेले हात धुवायचंही विसरले.

त्यानंतर दुपारचा तो धप्प आवाज बंद झाला. दार लागायचं, पण आत नुसती शांतता. आवाज होता तेव्हा ते वैतागत होते, पण आता त्यांना बाहेर बसवेना. दोन दुपारी त्यांनी पेपर हातात धरून काढल्या आणि तिसऱ्या दुपारी उठून दार ढकललं. कडी लावलेली नव्हती.

द्वारका जमिनीवर सतरंजी टाकून बसली होती. पदर कमरेला खोचलेला, कपाळावर घाम, आणि त्या दोन्ही बाटल्या बाजूला. हिंमतरावांनी नाक्यावरची जुनी युक्ती काढली. काही माहीत नसताना सगळं माहीत आहे असं सांगायचं, की माणूस आपोआप बोलतो.

"मला सगळं कळलंय," ते म्हणाले.

द्वारकेचा चेहरा उतरला. "कुनी सांगितलं? नम्रतानं?"

म्हणजे खरोखरच काहीतरी होतं. हिंमतरावांनी दाराची चौकट धरली. इतके दिवस त्यांना वाटत होतं की एकदा कळलं म्हणजे बरं वाटेल. आता त्यांना काहीच कळून घ्यायचं नव्हतं, पण तोंडातून प्रश्न गेला. डॉक्टर काय म्हणाले, एवढंच त्यांनी विचारलं.

"तुमाला वजन उचलायचं न्हाई म्हनले. पान्याची बादलीसुदिक न्हाई. तुमाला घरी सोडलं त्या दिशी मला बाजूला घेऊन बोलले."

हिंमतरावांना काही उमजेना. मागच्या वर्षी त्यांच्या छातीत कळ आली होती, डॉक्टरांनी हृदयाच्या नळीत जाळी बसवली होती आणि जपून राहायला सांगितलं होतं, हे खरं. पण ते कुठे बादल्या उचलत होते?

"आन् मला कोन उचलत हुतं?" द्वारकेने विचारलं.

गुडघे गेल्यापासून द्वारकेला जमिनीवरून एकटीला उठता येत नव्हतं. जेवण झालं, पूजा झाली, भाजी निवडून झाली, की ती हात वर करायची आणि हिंमतराव "चला, माल उतरवून घ्या" म्हणत तिला ओढून उभं करायचे. वर्षानुवर्षं चाललेलं होतं. दवाखान्यातून आल्यावरही त्यात खंड पडला नव्हता, कारण त्यात काही वजन असतं असं त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. म्हणजे, एकदा आलं होतं. दसऱ्याच्या सुमारास तिला उठवताना छातीत काहीतरी आवळलं, तेव्हा तिला पुन्हा खाली बसवून ते गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले होते. कुणी बघितलं नाही अशी त्यांची समजूत होती.

"गॅलरीत छातीला हात लावून हुबा ऱ्हायला हुता तुमी," द्वारका म्हणाली. "मी बसल्या जाग्यावरनं बगितलं. मला उठून याया बी येईना."

जन्मभर दुसऱ्याच्या ताडपत्र्या उचलणाऱ्या माणसाचा स्वतःचा माल असा पकडला गेला होता. मग सांगायचं नाही का, असं ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"सांगून ऐकलं असतं? मुद्दाम दोनदा उचललं असतं मला." ती म्हणाली त्यात काही खोटं नव्हतं. मग तिनेच हळूहळू सगळं सांगितलं. नम्रताने व्यायाम शिकवला होता. बाटल्या दंडांसाठी होत्या. खिडकीचे गज धरून खाली वाकायचं आणि वर यायचं, तसं रोज. सुरुवातीला अर्ध्यातूनच ती धप्पकन खाली बसायची, आता बसत नव्हती.

हिंमतरावांनी उपवासाचं विचारलं.

"साबुदान्यानं वजन उतरत न्हाई. देवाला सांगितलंय मी तसं. त्याची काय तक्रार न्हाई."

हिंमतराव पलंगाच्या कडेला टेकले. त्यांना रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकदम कसं करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. ते खाली बघत म्हणाले, "मला वाटलं, आनंदीसारखं..."

एवढं काही या माणसाच्या मनात चालू असेल हे द्वारकेला ठाऊक नव्हतं. तिने त्यांच्या पायावर हात ठेवला.

"मला काय झालेलं न्हाई," ती म्हणाली. "आक्कागत न्हाई ते."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. मग चहाची वेळ झाली म्हणून द्वारका उठायला सावरली, आणि ती सावरलेली बघताच हिंमतराव पलंगावरून उठले आणि त्यांनी सवयीने हात पुढे केला.

द्वारकेने त्या हाताकडे बघितलं. मग एक तळवा जमिनीवर टेकवला, एक गुडघा उभा केला आणि तशीच थांबली. ओठ दाताखाली धरला. हिंमतराव पुढे झाले नाहीत. ती हळूहळू, जराशी डुलत, स्वतःची स्वतः उभी राहिली आणि पदर सोडून तिने तोंड पुसलं.

हिंमतरावांचा हात अजून पुढेच होता. आता हा हात तिला लागायचा नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना वाईट वाटलं. बायको धडधाकट उभी असताना आपल्याला वाईट वाटावं, याची त्यांना लाजही वाटली. ते हात मागे घेणार, तेवढ्यात द्वारकेने तो धरला.

तशीच दोघं स्वयंपाकघराकडे निघाली. तिचा हात त्यांच्या हातात होता, आणि त्याला काही वजन नव्हतं.