पलंगाखालचे ठोकळे

मिस्त्रींना मरणाची भीती नव्हती, खुर्चीची होती. त्यांचा थोरला भाऊ रात्र रात्र जागायचा आणि दिवसभर खुर्चीत पेंगायचा. एक दिवस उठायला गेला, तर उठताच येईना. खुर्चीतून तो पलंगावर गेला; पुढचं मिस्त्री मनातही आणत नसत. आणि आता त्यांचंही तेच चाललं होतं. रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि जेवण झालं की संध्याकाळपर्यंत खुर्चीत घोरणं.

डॉक्टरीणबाईंनी मांडी चाचपून स्पष्ट सांगितलं होतं, "आजोबा, दिवसाची झोप कमी करा. चाला, उठबस करा. नाहीतर पायांतलं मांस झडत जाईल, आणि गेलेलं सहज परत येत नाही."

मिस्त्री घाबरले. पण घाबरलेला माणूस शहाण्यासारखा वागेलच असं नाही. उठबस करायची सोडून हे सुतारकामातून उरलेल्या लाकडांकडे वळले. जन्मभर लोकांची डगमगणारी टेबलं सरळ केलेली. पाय अधू झाले तर खुर्चीचे पाय वाढवावेत, हे सुतारालाच सुचणार.

खुर्चीखाली बोटभर ठोकळे गेले, उठणं सोपं झालं. काही दिवसांनी पुन्हा जड वाटायला लागलं, पुन्हा ठोकळे. मग पलंगाचा नंबर लागला. रंग असा बेमालूम जुळवला, की मुलगी चार दिवस राहून गेली तरी तिला पत्ता लागला नाही.

"अहो, पलंग उंच झालाय का?" बायकोने एकदा विचारलं. ती मुळातच बुटकी.

"तूच आखूड झालीस," मिस्त्री म्हणाले. ती हसली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मिस्त्रीही हसले. पण अंघोळ करताना ते स्वतःच्या मांड्यांकडे बघायचं टाळत.

त्या दुपारी ते खुर्चीत घोरत असताना धप्पकन आवाज झाला. बायको पलंगावरून उतरताना पडली होती. मिस्त्री उठले, तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले आणि तिच्या काखेत हात घातले. ती कळवळली.

"हलवू नका मला. कमरेत लागलंय. आधी तुम्ही उठा बघू."

मिस्त्रींनी पलंगाची कड धरून जोर केला. मांड्या नुसत्याच थरथरल्या. पुन्हा केला. त्यांची पाचावर धारण बसली.

"मला उठता येत नाहीये," ते कसेबसे म्हणाले. "पलंग मीच उंच केला गं. ठोकळे घातले."

"ठाऊक आहे मला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? उतरताना रोज भीती वाटायची. पण त्यामुळे तुम्ही उठत होतात, हिंडत होतात. म्हटलं, मी मारीन रोज उडी."

मिस्त्रींना रडू फुटलं. वरच्या मजल्यावर बसचा ड्रायव्हर राहायचा, या वेळी घरीच असायचा. पण त्याला हाक मारली की मुलीला कळणार, अख्ख्या गल्लीला कळणार, आणि मग भावासारखी खुर्ची, मग पलंग. बायकोचा हात हातात घेतला तर तो गार पडलेला.

मिस्त्रींनी सगळा जीव एकवटला आणि जिन्याच्या दिशेने ओरडले, "अहो ड्रायव्हर, धावा! आम्हाला दोघांनाही उचलायचंय!"