समोरची काच

काच पांढरी पडली तेव्हा जलालभाईंच्या हातातला ब्रश अजून ओलाच होता.

आधी कड धुरकटली, मग वरचा कोपरा. आरशावर तोंडाची वाफ पसरावी तसा तो पांढरेपणा आत सरकत गेला. जलालभाईंनी फुंकर मारली, मलमलच्या तुकड्याने टिपून पाहिलं. मग हात मांडीवर ठेवून ते नुसते बघत बसले. वीतभर लांबीच्या प्लास्टिकच्या लष्करी ट्रकची समोरची काच होती ती, दोन बोटं रुंद. चालकाच्या बाजूला नखाएवढी जागा तेवढी वाचली. बाकी सगळ्या काचेला मोतीबिंदू झाला.

"क्या हुवा जी?" हुस्नाबीने आतून विचारलं. नवरा काम करताना गुणगुणतो आणि गुणगुण थांबली की काहीतरी बिघडलेलं असतं, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं.

"कांच गई."

"किसकी?"

"दादा के ट्रक की."

हुस्नाबी पदराला हात पुसत बाहेर आली. टेबलावर दोन वस्तू होत्या. डावीकडे धनीबाईंची मधोमध तुटलेली कवळी, उजवीकडे तो ट्रक. दोहोंच्या मध्ये एक काचेची वाटी, तिच्यात कवळ्या जोडायचं उग्र वासाचं लिक्विड. कवळी जोडून झाली, हात उजवीकडे वळला, तोच ब्रश त्याच वाटीत बुडाला आणि काचेच्या कडेवरून फिरला. चाळीस वर्षांच्या सवयीने केलेलं काम. डोकं मध्ये आलंच नाही.

"दूसरी मिलेगी ना?"

"पन्नास साल पुराना डिब्बा है. किधर मिलेगी?"

उमरखेडमध्ये जलालभाईंना सगळे कवळीवाले म्हणूनच ओळखतात. दातांचे डॉक्टर जबड्याचा ठसा पाठवतात. जलालभाई त्यावरून मेणाची हिरडी घडवतात, तिच्याभोवती प्लास्टरचा साचा ओततात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत गुलाबी पावडर आणि लिक्विडचा लगदा दाबून भरून पाण्यात उकळतात. त्यांच्या दुकानात प्लास्टरचे जबडे रांगेने मांडलेले असतात. आणि जबड्यांच्या वरच्या फळ्यांवर शिपाई. शिशाचे, प्लास्टिकचे, एक लाकडाचाही. बंदूक रोखलेले, बिगूल फुंकणारे, पोटावर सरपटणारे. घाटंजीच्या बाजारातले, नांदेडच्या भंगारातले, कुवेतहून आलेल्या कुणाच्या तरी पोराच्या खेळण्यांतले. कवळी घ्यायला आलेली म्हातारी माणसं बिनदाताच्या तोंडाने विचारत, "हे कोन्या पोराचे होय?" जलालभाई सांगत, "माह्येच."

पहिला शिपाई त्यांच्याकडे पेशंट म्हणून आला होता. एकोणनव्वद साल असेल. फौजेतून निवृत्त होऊन बँकेत पहारेकरी म्हणून लागलेले हवालदार श्रावण एक दिवस दुकानात शिरले आणि त्यांनी खिशातून शिशाचा एक बँडवाला काढून टेबलावर ठेवला. छावणीत कुण्या साहेबाच्या मुलाने उकिरड्यावर फेकलेला. उजवा हात खांद्यापासून गायब.

"तू मानसाले दात बसवतं नं? ह्याले हात बसवून दे."

जलाल तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. सातवीत शाळा सुटलेली. दुकान उस्तादांचं, हाताखालचं काम त्याचं. त्याला वाटलं, माणूस थट्टा करतोय. पण श्रावणदादा स्टुलावर बसून राहिले. मग त्याने मेणाचा हात घडवला, साचा केला, उकळला. हात निघाला हिरडीसारखा गुलाबी. श्रावणदादांनी तो शिपाई उजेडात धरला, वळवला, उलटा केला, खांद्याच्या सांध्यावरून नख फिरवलं.

"सांधा लागत नाही बोटाले," ते म्हणाले. "लय सफाईचं काम हाय गड्या तुह्यं."

जलालभाईंना हे वाक्य अजून पाठ आहे. कारण कवळीचं यश ती कुणाला न दिसण्यात असतं. चांगली कवळी तोंडात गेली की हरवते. वाईट असेल तरच माणूस परत येतो, शिव्या द्यायला. त्यांचं काम असं हातात घेऊन, उलटंपालटं करून आनंदाने पाहणारं तोवर कुणी भेटलंच नव्हतं.

मग रविवार लागले. श्रावणदादांनी त्याला केसाएवढ्या ब्रशने डोळे रंगवायला शिकवलं, पट्टा कुठल्या खांद्यावरून जातो ते शिकवलं. जुन्या मॉडेलचे डबे कुठून कुठून मिळवले: विमानं, जहाजं, तोफा. डबा उघडला की सगळे भाग एका प्लास्टिकच्या सांगाड्याला लटकलेले. दादा त्याला झाड म्हणत. झाडावरून एकेक भाग तोडायचा, कड घासायची, कागदावरचा आकडा बघून जोडायचा. त्या कागदांवरच जलालभाई इंग्रजी वाचायला शिकले. दुकानात येणारा प्रत्येक जबडा झिजलेला, वाकडा, काहीतरी गमावलेला. ह्या डब्यात मात्र सगळे भाग मोजून हजर, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. आठवड्यातून एक दिवस अशी दुनिया हातात मिळाली, तर बाकीचे सहा दिवस जड जात नाहीत, असा त्यांचा अनुभव होता.

नळीतला गोंद वाळून गेला तेव्हा कवळीचं लिक्विड प्लास्टिकला चालतं, हा शोध जलालभाईंचा. ते प्लास्टिक किंचित विरघळवून एकजीव करतं. "फक्त काचेले लावू नको," दादांनी तेव्हाच बजावलं होतं. "काचेले फेविकॉल." पारदर्शक प्लास्टिक साच्यात थंड होताना त्याच्यात ताण कोंडून राहतो, लिक्विड लागलं की तो ताण हजारो बारीक भेगांनी मोकळा होतो आणि काच आंधळी होते. एका विमानावर त्यांनी हे पाहिलंही होतं. माहीत असून केलेली चूक जास्त लागते.

हा ट्रकचा डबा श्रावणदादांनी चौऱ्याहत्तर साली घेतलेला. ते स्वतः फौजेत असाच ट्रक चालवत. पेटीच्या तळाशी तो पन्नास वर्षं राहिला, कारण तो सावकाश, नीट, शेवटी बांधायचा होता. आणि गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास दादांना लकव्याचा झटका आला. चालणं परतलं, बोलणं परतलं. उजवा हात उठतो, वळतो. पण चिमूट जमत नाही. ब्रश बोटांतून गळतो.

दादांनी महागावच्या घरातून बाहेर पडणं सोडलं. जूनमध्ये त्यांच्या पत्नी मथुराबाई स्वतः एसटीने डबा घेऊन आल्या. "त्याइनं सांगतलं, तू बांध," त्या म्हणाल्या. "आन मले दाखवू नको म्हने." मग दारात थांबून म्हणाल्या, "दिवसभर भिताडाकडे तोंड करून बसते रे जलाल. तूच काही कर."

म्हणून जलालभाईंनी ठरवलं होतं, ट्रक असा बांधायचा की दादांना तो हातात घ्यावाच लागेल. एकदा हातात घेतला, उलटा केला, सांध्यावरून नख फिरवलं, की माणूस परत आलाच. चार महिने ते त्यासाठी खपले. आज शनिवार. उद्या महागावला जायचं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी नवी काच करून पाहिली. आंधळ्या काचेवरूनच साचा घेतला, बिनरंगाची पावडर भरली, उकळली. घाईत आच वाढली आणि आतल्या आत लिक्विडला उकळी फुटून काचेत बुडबुडे धरले. दुसरी निघाली ती चष्म्याच्या भिंगाएवढी जाड. तिसरी पॉलिश करताना मोडली.

"वैसाच ले जाव," हुस्नाबी म्हणाली.

"क्या बोलूं उनको? पन्नास साल संभाल के रखे, मैंने एक मिनट में..."

"यहीच बोलो. आदमी तुम्हारे पे चिल्लाया तो भी अच्छा. भिताड को तो नहीं देखेगा."

जलालभाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग आंधळी काच फेविकॉलने जागेवर चिकटवली आणि कापसाच्या बोंडातला कापूस स्टीलच्या डब्यात अंथरून ट्रक त्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी महागावात श्रावणदादा खाटेवर बसले होते, खरंच भिंतीकडे तोंड करून. अंगणातून जलालभाई आत आले तरी त्यांनी मान वळवली नाही.

"ट्रक आनला काय?"

"आनला."

"मी मथुरीपाशी सांगून धाडलं होतं, मले दाखवू नको."

"दाखवाले नाही आलो, दादा. कबूल कराले आलो."

"काय केलं?"

"काच आंधळी केली."

मान वळली. "लिक्विड?"

"लिक्विड."

"कोनता ब्रश?"

"कवळीचा. रुंदवाला."

"अबे लेका!" श्रावणदादांचा आवाज असा चढला की चुलीपाशी बसलेल्या मथुराबाई दचकल्या. "कवळीचा ब्रश? तो तर घर सारवाचा ब्रश होय! पस्तीस वर्सं झाले, एकच गोठ सांगितली मी तुले, एकच! काचेले काय?"

"फेविकॉल."

"मंग काहून लावलं?"

"धनीबाईची कवळी जोडत होतो. हात गेला."

"आन डोकं? ते बी धनीबाईच्या तोंडात गेलतं?"

मथुराबाईंना हसू आवरेना. "बरं झालं, बोलले तरी," त्या हळूच म्हणाल्या.

"आन इकडं," दादा म्हणाले. "दारात आन. अंधारात काय पाहू, तुह्यं थोबाड?"

दोघं ओसरीवर आले. जलालभाईंनी कापसातून ट्रक काढून समोर धरला. श्रावणदादांनी तो डाव्या हाताच्या तळव्यावर घेतला. चाकं पाहिली, मागची ताडपत्री पाहिली, खालचा सांगाडा पाहिला. काचेवर नजर येऊन थांबली ती हलेना. जलालभाई स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले.

"एवढीच आंधळी?" दादा म्हणाले. "थोडी कमीच हाय."

"म्हंजे?"

"एकाहत्तरच्या डिसेंबरात साफ काच घेऊन कोन निघे? उन्हात काच चमकली का वरून इमानवाल्याले दिसलाच तू. आमी काचेवर चिखल थापत होतो. डायवरच्या डोळ्याम्होरं तेवढी जागा उघडी ठेवाची, तळहाताएवढी." त्यांनी नखाएवढ्या स्वच्छ जागेकडे बोट केलं. "हे इथंच. तुले कोनं सांगतलं?"

"कोनं नाही. तेवढीच वाचली."

श्रावणदादांनी आत हाक मारली. "मथुरी, कुंडीतली माती आन जराशी. काळी. आन फडक्यातून चाळून आन, पीठ झालं पायजे."

"आता चिखल खेळाचा हाय काय?"

"हो."

"पंच्याहत्तरीत?"

"जलाल बासष्टचाच हाय. त्याच्यासाठी आन."

मथुराबाईंनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून माती चाळून बशीत आणली. काळी माती वाळली की भेगाळते, म्हणून जलालभाईंनी खिशातल्या बाटलीतलं थेंबभर फेविकॉल तिच्यात मिसळलं. लगदा तयार झाला. त्यांनी सवयीने ब्रश काढला.

"तो ठेव खिशात," दादा म्हणाले. "आमच्यापाशी ब्रश नव्हते तवा."

उजवा हात सावकाश उठला. चारही बोटं आखडलेली, अंगठा तेवढा बाहेर. अंगठा बशीत टेकला, चिखलात बुडाला, आणि थरथरत काचेकडे आला. पहिल्यांदा तो चुकून बॉनेटवर उतरला. जलालभाईंचा हात पुढे व्हायला निघाला. त्यांनी तो मागे घेऊन दुसऱ्या हातात धरून ठेवला. अंगठा पुन्हा उचलला गेला. ह्या वेळी काचेवर पडला आणि आडवा ओढला गेला, जाड, ओबडधोबड. मग आणखी एकदा. वाचलेल्या जागेशी आल्यावर तो थांबला, तिला वळसा घातला आणि पुढे गेला.

"बॉनेटवरचं पुसू?" जलालभाईंनी विचारलं.

"हात लावू नको. तिथं बी असाच राहे." श्रावणदादांनी डोळा मिटून त्या एवढ्याशा जागेतून आत पाहिलं. "डायवर कुठं हाय?"

"बसवला नाही अजून. घरी हाय, झाडावरच."

"रविवारी घेऊन ये. रंगवू नको मातर. आन ब्रश जाडा पायजे, मूठ बसन असा. दाढीचा बी चालन."

"आनतो."

"आन फेविकॉल आन. तुह्या लिक्विडची वाटी उमरखेडातच राहू दे."

जलालभाई हसले. ह्या माणसाचे आभार कशाकशाचे मानायचे आणि कुठल्या शब्दांत, हे पस्तीस वर्षांत त्यांना जमलं नव्हतं. आजही जमलं नाही. त्यांनी ट्रक घेऊन ओसरीच्या कडेला उन्हात ठेवला, काच सूर्याकडे करून.

मथुराबाई हात धुवायला तांब्या घेऊन आल्या. श्रावणदादांनी डावा हात पुढे केला, धुऊन घेतला. उजव्यावर पाणी ओतू लागल्या तेव्हा त्यांनी मानेनेच नको म्हटलं. चिखलाने भरलेला तो हात त्यांनी ट्रकच्या शेजारी, उन्हात, पालथा ठेवला आणि दोन्ही वाळायची वाट पाहत बसले.