शेवटचे अकरा मणी

माळ एकदा हाती घेतली की मेरुमणी येईपर्यंत आसन सोडायचे नाही आणि शब्द उच्चारायचा नाही, हा नेम मी बाविसाव्या वर्षी गुरुजींसमोर घेतला. पन्नास वर्षे तो पाळला. त्याविषयी माझ्या मनात आजही आदरच आहे. दोष नेमाचा नव्हता, एवढे आरंभीच सांगून ठेवतो.

आम्ही उभयता मुलाकडे परदेशी दोन महिन्यांसाठी गेलो होतो. एका रविवारी समुद्रावर जायचे ठरले आणि निघण्याच्या घाईत माझा सकाळचा जप राहून गेला. त्या दिवशी काहीच धड होत नव्हते. गाडीत सात वर्षांच्या नातीला उलटी झाली. किनाऱ्यावर पोहोचतो तोच आमची छत्री वाऱ्याने उडून एका परक्या गृहस्थांच्या पोटावर जाऊन विसावली; मुलाने त्यांची तीनदा क्षमा मागितली. मागाहून एका पक्ष्याने झेप घालून नातीच्या हातातला पाव नेला.

"सहल आहे की सत्त्वपरीक्षा," सून म्हणाली, आणि हसत हसत तिने चटई अंथरली.

आमची ही दोन्ही कानांना यंत्रे लावते. नातीचे बोलणे नीट ऐकू यावे, एवढ्यासाठीच तिने ती प्रवासापूर्वी करवून घेतली होती. माझे ऐकण्यासाठी नव्हे, हे तिने दुकानातच स्पष्ट केले होते. वाळू जाऊ नये म्हणून तिने ती काढून डबीत ठेवली. सुनेने डबी आपल्या कापडी पिशवीत घातली आणि पिशवी चटईच्या कडेला ठेवली. मी पंचा पसरून दहा पावले मागे बसलो होतो. मुलगा गाडी पुसायला गेला होता.

"बाबा, भरती चढतेय. मी आईंचे पाय भिजवून आणते. पाणी जवळ आलं तर हाक मारा हं."

मी मान डोलावली. त्या दोघी लांब गेल्यावर माळ काढली.

सत्त्याण्णवाव्या मण्याला डोळे उघडले, तेव्हा फेस चटईला लागला होता. पिशवीचा तळ भिजून काळा झाला होता. अकरा मणी उरले होते. नात जवळच वाळूत खड्डा खणत होती. मी तिच्याकडे पाहून "हूं, हूं" केले आणि हनुवटीने पिशवी दाखवली. तिला ते फार आवडले. तिनेही "हूं, हूं" केले, हनुवटी उडवली आणि हसत पुन्हा खणू लागली.

अकरा मण्यांना असा कितीसा वेळ लागतो, असे मी स्वतःला सांगितले. आणि डोळे मिटून घेतले.

मेरुमणी बोटाला लागला तो सुनेची हाक ऐकू येता येता. लाट चटईवरून माझ्या पंच्यापर्यंत येऊन परतत होती. मुलगा धावत आला, कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि पिशवी घेऊन आला. डबी उघडली होती. एक यंत्र गेले होते. दुसऱ्यातून पाणी ठिबकत होते.

"तुला किती वेळा सांगितलं, सामान पाण्याजवळ ठेवू नकोस," मुलगा बायकोला म्हणाला.

"लांबच होतं रे. आणि बाबा होते ना इथे."

"बाबांची समाधी लागलेली असते. त्यांना काय कळणार?"

सुनेने माझ्याकडे पाहिले नाही. ती चटई पिळू लागली. मुलाने माझ्यासाठी एक दार उघडून दिले होते आणि मी त्यातून निमूटपणे बाहेर पडत होतो. आता माळ खिशात होती. बोलायला कोणताही नेम आड येत नव्हता.

"आम्ही मुक्याचा खेळ खेळत होतो," नात म्हणाली. "आजोबा आणि मी."

"खेळ सुचत होता तुला? तुझ्यामुळे आजोबांचं लक्ष उडालं," मुलगा तिला म्हणाला.

नातीचा चेहरा पडला. तिने माझ्याकडे पाहिले. मी तिला वाचवीन, अशी तिची खात्री होती.

"तिचा दोष नाही," मी म्हणालो. "सूनबाईचाही नाही. मी पाहिलं होतं."

"काय पाहिलं होतं?" मुलाने विचारले.

तोवर आमची ही माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती. माझे ओठ हललेले तिने पाहिले असावे. "अहो, काय म्हणताय?"

"पिशवी भिजताना मी पाहिलं होतं."

"काय? मोठ्याने बोला."

मी आवाज चढवला. तिने पुन्हा मान हलवली. तिसऱ्या वेळी मी ओरडूनच सांगितले, "पाणी आलेलं मला दिसत होतं. अकरा मणी राहिले होते, म्हणून हाक मारली नाही." शेजारच्या छत्र्यांखालची माणसे वळून पाहू लागली. त्यांत ज्यांच्या पोटावर आमची छत्री पडली होती, ते गृहस्थही होते.

या वेळी हिला ऐकू गेले. ती म्हणाली, "एवढ्या मोठ्याने बोलता येतं होय तुम्हाला." तिने सुनेच्या हातातून चटईचे एक टोक घेतले आणि दोघी मिळून पिळू लागल्या. सून रडत होती. मी तिला काही म्हणणार होतो. तिने नुसताच हात वर केला. आत्ता नको, अशा अर्थी.

परतताना गाडीत नात मागे आमच्या दोघांच्या मध्ये बसली. आजीशी ती काही बोलली. आजी माझ्याकडे पाहू लागली.

"आजोबा, आजीला सांगा ना. पक्ष्याने पाव नेला तेव्हा मी रडले नाही."

मी वाकून हिच्या कानाशी ते सांगितले.

"काय?" ती म्हणाली.

मी पुन्हा, आणखी मोठ्याने सांगितले. समोर बसलेली सून एकदाही मागे वळली नाही.