दुसरी दाढ

मास्तरीणबाईंनी सफरचंदाचा घास घेतला आणि उजव्या कानापुढे 'कट्ट' असा आवाज झाला. टेबलापलीकडे बसलेल्या नवऱ्यालाही तो ऐकू गेला.

"बी लागली का गं?" त्याने विचारले.

त्यांनी मान हलवली, अर्धवट चावलेला तुकडा हळूच ताटलीत काढला आणि गाल हाताने धरून बसल्या. बी कुठली! गेले काही महिने जबडा उघडला की आवाज, चावले की कळ आणि सकाळी उठले की गाल आखडलेला, असा प्रकार चालला होता. कळ कानापासून निघून कपाळाच्या कडेपर्यंत जाई. बाहेर सूज नाही, जखम नाही, ताप नाही. आणि जे डोळ्यांना दिसत नाही ते आपल्या घरांत दुखणे नसतेच मुळी. ते नखरे असतात!

"मला बघ," नवरा म्हणाला, "मागे पायाला खिळा लागला होता. त्या पायावर उभं राहून सबंध दिवस कापड कापलं. हूं की चूं केलं नाही."

या गृहस्थाला दुकानातल्या बायका पाठीमागे 'सव्वाशेर' म्हणत, ते उगीच नाही. तुमचे डोके दुखत असेल तर त्याचे एकदा फुटले होते, आणि तुम्हाला ताप आला असेल तर तो तापात जिने चढला होता. दुसऱ्याचे दुखणे शेरभर भरले की याचे सव्वाशेर भरलेच पाहिजे! खिळा लागला तेव्हा याने केवढी आरडाओरड केली होती, हे मास्तरीणबाईंना चांगले आठवत होते. पण बोलायचे म्हणजे जबडा हलवायचा. एवढ्या माणसासाठी एवढी कळ सोसणे त्यांना परवडण्यासारखे वाटले नाही.

दोघांचे पडदे शिवायचे दुकान होते. नवरा कापड कापी आणि गिऱ्हाइकांशी गोड बोले. आतल्या खोलीत शिवणाऱ्या बायकांवर मास्तरीणबाईंचा अंमल चाले. शिवणकामातले पुरुष 'मास्तर', म्हणून या 'मास्तरीणबाई'. पडद्याच्या चुण्या घालाव्यात तर त्यांनीच. ओठांच्या कडेला दातांत टाचण्यांची रांग धरायची, दोन्ही हात मोकळे, एकेक टाचणी काढून चुणीत खोचायची आणि तोंड न उघडता सूचनाही द्यायच्या. ही त्यांची विद्या. नवी आलेली एखादी मुलगी मनगटावर टाचण्यांची उशी बांधून बसली की त्या नाक मुरडत. "उशी झोपायला असते. काढ ती!"

दुखणे घरात जाहीर झाले मात्र, आणि वैद्यांचे पीक आले. मोठ्या नणंदबाईंनी निदान केले, "कानच आहे गं तो!" आणि गरम तेल ओतले. दुखणे जिथल्या तिथे राहिले, वर कानाला दडे बसले. शेजारचे निवृत्त कारकून म्हणाले, "जबडा म्हणजे स्नायू. व्यायाम द्या!" त्यांनी डिंकाचे खडे आणून दिले. मास्तरीणबाई ते इमानाने चघळत बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना तोंडात चमचा घालता येईना. कारकुनांनी आयुष्यात फायलींखेरीज काही उचलले नव्हते. व्यायामावर मात्र बोट धरून शिकवावे असा अधिकार!

शेवटी सव्वाशेरांनी सूत्रे हाती घेतली. त्यांच्या ओळखीचा एक दातांचा डॉक्टर होता. सारी वस्ती त्याला 'पक्कड' म्हणे. दात तपासण्यात जाणारा वेळ तो सरळ दात काढून वाचवी. त्याने फोटो काढला नाही, विचारपूस केली नाही. "मागची दाढ," म्हणाला आणि काढून ट्रेमध्ये टाकली.

दाढ गेली, दुखणे राहिले.

"आता ते शेजारच्या दाढेत सरकलं असणार," पक्कड म्हणाला. जणू दुखणे म्हणजे भाडेकरू. एक खोली पाडली की शेजारच्या खोलीत बिऱ्हाड हलवणारा! सव्वाशेरांना हे लगेच पटले. न पटायला दाढ त्यांची नव्हती.

ठरल्या दिवशी सकाळी मास्तरीणबाई पुन्हा त्या खुर्चीत बसल्या. गळ्याशी कागदी रुमाल, डोक्यावर दिवा. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नणंदबाई. त्यांनी येऊ नये असे कोणी सांगितले नव्हते म्हणून त्या आल्या होत्या.

"आ करा."

जबडा दोन बोटांएवढा उघडला आणि अडला.

"मोठा. अजून मोठा!" पक्कड अंगठ्याने जबडा खाली रेटू लागला. मास्तरीणबाईंच्या डोळ्यांतून पाणी आले.

"अगं उघड ना," नवरा म्हणाला. "घरी माझ्यावर ओरडताना तर केवढं उघडतेस!"

पक्कड खो खो हसला. नणंदबाईही पदराआड हसल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक एवढाच, की इथे मारणारे स्वतःला उपकारकर्ते समजत होते.

मास्तरीणबाईंनी पक्कडीचा हात बाजूला केला. "कुठली दाढ?" त्यांनी अर्ध्या तोंडाने विचारले.

"ही." त्याने आत डोकावून पाहिले. "किंवा हिच्या पुढची. काढल्यावर कळेलच."

काढल्यावर कळेलच! पडद्याला कात्री लावताना हीच माणसे तीनतीनदा मापे घेतात, चुकीचे कापड फाडले तर घरात सुतक पाळतात. आणि बाईची दाढ? ती काढून बघायची!

त्या खुर्चीतून उतरल्या. रुमाल सोडून ट्रेमध्ये ठेवला.

"मग आधी तुमची काढा," त्या पक्कडीला म्हणाल्या. "काही कळलं तर सांगा."

आणि त्या रस्त्याला लागल्या. "अगं, ओळखीचा माणूस! काय वाटेल त्याला!" असे म्हणत नवरा मागे, त्याच्यामागे नणंदबाई. अशी वरात थेट दातांच्या मोठ्या दवाखान्यात पोचली.

तिथल्या डॉक्टरीणबाई कामापुरतेच बोलणाऱ्या आणि त्यातले निम्मे टोचून बोलणाऱ्या होत्या. त्यांनी दाताचा फोटो काढून घेतला, एकेक दात ठोकून पाहिला. एकही दुखला नाही. मग दोन्ही कानांपुढे बोटे ठेवून त्या म्हणाल्या, "हळूच उघडा. मिटा." कट्ट! "अडतं तेवढंच उघडा, जोर नको." मग त्यांचे लक्ष रिकाम्या जागेकडे गेले. "इथली दाढ किडली होती?"

"नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ट्रेमध्ये पाहिली मी. टाचणीच्या टोकाएवढा डाग नव्हता."

सव्वाशेर भिंतीवरचे दातांचे चित्र फार बारकाईने पाहू लागले.

"दिवसभर तोंडाने काय करता?"

"बोलते!" नवरा म्हणाला.

"तुम्हाला विचारलं नाही."

मास्तरीणबाईंनी आधी कारकुनांच्या डिंकाचे सांगितले, मग टाचण्यांचे. सांगताना आवाजात थोडा तोराही आला. डॉक्टरीणबाईंनी त्यांचे बोट धरून त्यांच्याच गालावर ठेवले. "आता टाचण्या धरल्यासारखं करा. काय लागतंय?"

"दगड."

"तो चावायचा स्नायू आहे. तासन् तास असाच आवळून धरता. टाचण्या खाली ठेवल्यावरही तो सुटत नाही. त्याला सवय लागलीय. आत्ता या क्षणी तुमचे दात एकमेकांवर टेकलेत की नाही?"

टेकले होते. मास्तरीणबाई चकित झाल्या. "टेकायला नकोत?"

"खाताना, गिळताना टेकू देत. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला अलगद. कानापुढे जबड्याची बिजागरी असते, त्यात एक मऊ गादी. स्नायू सतत ओढत राहिला की बिजागरी कुरकुरते, गादी सरकते, आवाज येतो, कधी अडते. दुखतं मात्र कानात, कपाळात, दातांत. म्हणून कोणी कानात तेल घालतं, कोणी दाढ उपटतं."

नणंदबाईंनी छताकडे पाहिले. सव्वाशेरांनी मात्र हार मानली नाही. "गोळ्याबिळ्या नकोत हं. काहीतरी नैसर्गिक सांगा."

"डिंक झाडाचाच होता ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झाडावरून पडणंही नैसर्गिकच असतं. म्हणून कोणी मुद्दाम पडत नाही! नैसर्गिक म्हणजे मनाला येईल ते नव्हे. सांध्याला विसावा द्या. ऊन पाण्यात पिळलेला टॉवेल गालावर ठेवा, सोसेल इतकाच गरम. काही दिवस मऊ खा, छोटे घास. जांभई आली की हनुवटीला हात लावा. हनुवटी हातावर टेकून बसू नका. खांदे सैल सोडून सावकाश श्वास घ्या. जीभ टाळूला लावून तोंड हळूच उघडा-मिटा, दुखलं की थांबा. बहुतेकांना एवढ्यानेही पुष्कळ उतार पडतो. नाही पडला तर रात्री दातांवर बसवायची पट्टी आहे, औषधंही आहेत. लागली तर घ्यावीत, त्यात कमीपणा कसला? जबडा पुरता अडला, सूज किंवा ताप आला तर त्याच दिवशी या. आणि टाचण्या तोंडात नाहीत. कायमच्या."

"टाचण्या सोडायच्या?" मास्तरीणबाईंनी विचारले. दाढ काढतानाही त्यांचा चेहरा इतका उतरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मनगटावर उशी बांधली. हात चुकू लागले. टाचणी घ्यायला बोटे सवयीने ओठांकडे जात आणि रिकामी परत येत. बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. अखेर त्यांतली सगळ्यात अबोल बाई जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, ते डॉक्टर कुठे बसतात? माझाही सकाळी कान दुखतो. जबडा वाजतो."

"कधीपासून?"

"झाले की महिने."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही नखरे म्हणाल म्हणून."

मास्तरीणबाईंच्या हातातली चुणी सुटली. नवऱ्याला, नणंदेला, कारकुनांना त्यांनी मनात कितीतरी दिवस फटकारले होते. आणि या खोलीत सव्वाशेर कोण होते? बाहेरचा निदान हसून तरी बोले. ही आतली तर नाक मुरडत होती! त्यांनी त्या बाईला पत्ता दिला. मग खोलीभर आवाज गेला, "तोंडातल्या टाचण्या काढा सगळ्यांनी. उश्या बांधा. आणि काही दुखत असेल तर मला सांगायचं. मी सल्ला देणार नाही."

जबड्याला उतार पडत गेला. आवाज अधूनमधून येई, पण कळ ओसरली, घास आत जाऊ लागला. नवरा बोलू लागला की आपले दात आवळले जातात, हेही त्यांच्या ध्यानात आले. तेवढ्यापुरत्या त्या जीभ टाळूला लावून बसत. नवऱ्याला वाटे, बायको आताशा फार लक्ष देऊन ऐकते.

एके दिवशी जुनी गिऱ्हाईक बाई पडदे न्यायला आली. तब्येतीची चौकशी निघताच सव्वाशेरांना स्फुरण चढले. "अहो, सगळे दाढ दाढ म्हणत होते. मी म्हटलं, छे! आधी मोठ्या दवाखान्यात. मी वेळेवर नेलं म्हणून निभावलं."

मास्तरीणबाई आतून बाहेर आल्या. गिऱ्हाइकासमोर त्यांनी नवऱ्याचे बोलणे आजवर कधी खोडले नव्हते.

"अहो," त्या म्हणाल्या, "माझी दाढ चांगली होती."

गिऱ्हाईक बाई एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहू लागली. सव्वाशेरांनी पडद्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. याहून मोठे काही सांगायला त्यांच्यापाशी या खेपेला नव्हते.

"चांगली होती," ते म्हणाले. "मीच नेलं होतं तिला त्या पक्कडीकडे. दोनदा. दुसऱ्यांदा ती उठली म्हणून वाचली. मी हसत होतो."

लोकहो, जबड्याचा सांधा लहान असतो. त्याला विसावा, ऊब आणि जाणत्या माणसाचा हात मिळाला तर बहुधा तो ताळ्यावर येतो. आपल्या जिभेचे मात्र तसे नाही. दुसऱ्याचे दुखणे कानावर आले, की पहिला शब्द 'नखरे' आणि दुसरा 'मी सांगतो ते कर'! हे दोन्ही शब्द गिळा. पचायला जड जातील, पण त्यांनी कोणाची दाढ जात नाही. त्याऐवजी विचारा, "कुठे दुखतंय?" आणि उत्तर येईपर्यंत तोंड मिटून, दात सुटे ठेवून, गप्प बसा.