डॉक्टर गेले, मी बसलो

डॉ. हाइनमन निवृत्त होऊन शुक्रवारी अ‍ॅरिझोनाला लेकीकडे कायमचे गेले, आणि सोमवारी सकाळी मी दवाखान्यात पेशंटच्या खुर्चीत बसलो होतो. आजारी नव्हतो. मला कुणाला हात लावायची परवानगीच उरली नव्हती, मग बसणार कुठे?

माझी बायको मार्लिस मात्र आत पेशंट तपासत होती. ती नर्स प्रॅक्टिशनर, मी फिजिशियन असिस्टंट. गावाला यातला फरक कधी कळला नाही आणि कळायची गरजही पडली नाही. दोघंही तपासतो, दोघंही औषधं लिहून देतो, लोक दोघांनाही ‘डॉक्टर’ म्हणतात आणि आम्ही दुरुस्त करून करून थकलो. फरक एवढाच, की आमच्या नेब्रास्का राज्यात तिला एकटीने दवाखाना चालवता येतो. मला मात्र पाठीशी कुणीतरी डॉक्टर असावा लागतो. हाइनमन होते तोवर ही नुसती कागदावरची गोष्ट होती. आता आसपास डॉक्टर नाही, आणि जे लांब आहेत ते ‘बघू’ म्हणतात. ‘बघू’ म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

गंमत अशी, की मला नोकरीचा तोटा नव्हता. ओमाहा शहरातल्या हाडांच्या हॉस्पिटलातून पुन्हा पुन्हा फोन येत होते. ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या शेजारी उभं राहायला माझ्यासारखी माणसं त्यांना हवीच आहेत. मार्लिसला तिथे कुणी विचारणार नाही, तिचं शिक्षण सर्दी-तापापासून बाळंतिणीपर्यंत घरोघरच्या दुखण्यांचं. मग भवितव्य कुणाचं चांगलं म्हणायचं? सगळा रविवार विचार करून डोक्याचा भुगा झाला होता.

त्यात आमची लेक ब्रेना. लिंकन शहरात नर्स आहे. तिला पुढच्या शिक्षणासाठी दोन्हीकडे प्रवेश मिळालेला, आईच्या वाटेने आणि माझ्याही. त्यातली एक जागा आज संध्याकाळपर्यंत सोडायची होती. लहानपणापासून मी तिला जेवताना सांगत आलो, “माझ्या वाटेने ये. आज हृदय, उद्या हाडं, कुठेही काम मिळेल. आईसारखं एकाच खुंट्याला बांधून घेऊ नकोस.” यावर मार्लिस म्हणायची, “खुंटा स्वतःचा असला तर तुझं काय बिघडलं?” मग आम्ही हसायचो.

तेवढ्यात लॅव्हर्न सेडलाचेक आला. कुंपणाच्या तारेने तळहात फाडून घेतला होता आणि वर ट्रॅक्टर पुसायचं फडकं गुंडाळलं होतं.

“चल ड्वाइट, शिव पटकन,” तो म्हणाला. “पाहुण्यासारखा काय बसलायस?”

“मला नाही शिवता येणार.”

“का, हात मोडला?”

“डॉक्टर गेले ना. त्यांच्याशिवाय मला चालत नाही.”

“अरे, माझी पोटरी शिवलीस तेव्हा ते मासे मारायला गेले होते!”

“गेले होते. पण होते.”

मी सकाळीच दोन घोट मारून आलोय की काय, अशा नजरेने त्याने मला पाहिलं आणि दारात आलेल्या मार्लिसकडे बोट केलं. “आणि ही शिवू शकते? डॉक्टरशिवाय?”

“हो.”

“मग तू इतकी वर्षं शिकलास तरी काय?”

मार्लिसने त्याला आत नेलं. मी खिशात हात घालून दारात उभा राहिलो. टाके म्हणजे माझं काम, गावात कुणालाही विचारा. मला वाटलं, ही आता अडेल आणि माझ्याकडे बघेल. ती अडली नाही. बोटं हलवून पाहिली, बधिर केलं, जखम धुतली आणि टाके घातले. एकसारखे, सुबक. माझ्याहून बरे, असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण होते.

लॅव्हर्न गेल्यावर मी विचारलं, “तुला हे येत होतं?”

“पहिल्यापासून.”

“मग टाके लागले की पेशंट माझ्याकडे का पाठवायचीस?”

“तुला आवडायचं म्हणून.”

तिने हातमोजे टोपलीत टाकले. मला राग आला की रडू आलं, माझं मलाच कळेना.

दुपारी मागच्या खोलीत चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा, आणि दालचिनीचे रोल घेऊन बसलो. मार्लिस म्हणाली, “ओमाहाला हो म्हण.”

“आणि तू?”

“मी कुठे जाणार? मी गेले तर दवाखान्याला कुलूप.”

“म्हणजे मी नकोय तुला.”

“मूर्खासारखं बोलू नकोस. तू त्या खुर्चीत बसलेला मला बघवत नाही. लॅव्हर्न सोडला तर सकाळपासून एकाही पेशंटचं धड ऐकलं नाही मी.”

इतक्यात ब्रेनाचा फोन आला. दोघांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

“शेवटचं विचारते, बाबा. तुझी वाट की आईची?”

“आईची,” मी म्हणालो.

“बाबाची,” मार्लिस त्याच वेळी म्हणाली.

“काय? जन्मभर उलटं सांगत आलात! काय चाललंय तिकडे?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. “बरं, ते सोडा. काम कशात जास्त मिळतं, तेवढं सांगा.”

“दोन्हीत मिळतं, पोरी. भरपूर मिळतं. मला तर मिळालंसुद्धा. पुढच्या सोमवारी ओमाहाला हजर व्हायचंय.”

खरं तर मी अजून कुणाला हो म्हटलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

“ओमाहाला? ते पाच तासांवर आहे! आणि आई?”

“आई इथेच.”

जिने आत्ताच मला जा म्हणून सांगितलं होतं, तिने चमचा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“बाबा, आई रडतेय का?” ब्रेनाने विचारलं. “मग मी कशाला हो म्हणू? सांग ना!”

मी मार्लिसच्या पाठीवर हात ठेवला. पोरगी पलीकडून विचारत राहिली.